नाबर डॉक्टरीणबाई जेवायला येतात

“ही कसली डॉक्टरीण गं बाई? औशद देत न्हाई, काय न्हाई, नुसतं इचारत बसती.”

साखर पेठेतल्या एका बोळात नळाला घागर लावून उभी असलेली बाई दुसरीला सांगत होती. आम्ही दोघी अगदी तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिलो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटलं. नाबरबाई मात्र खूश होऊन पुढे सरकल्या.

“खरं आहे हो तुमचं. पण मला सांगा, कशावर औषध देऊ?”

बाईनं दचकून पदर तोंडाला लावला. मग, बोलून तर गेलोच आहोत, अशा हिशेबानं म्हणाली, “आता आमी सांगायचं व्हय? पोटुशी बाई पांढरी फटक पडती, जिना चढाय येत न्हाई तिला. अंगात रगत न्हाई. त्यावर द्या की.”

“ते दिसतंच आहे. पण का नाही रक्त? कां बरं?”

“मला इचारताय?”

“मग कुणाला विचारू? मी मुंबईची. मला काय माहीत?”

ती बाई आधी बाईंकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. डॉक्टर म्हणवणारं माणूस ‘मला काय माहीत’ असं भर रस्त्यात म्हणतं, हे तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. मीही.

डॉ. अहिल्याबाई नाबर सोलापूरला आल्या तेव्हा तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती. मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजात बायकांच्या दुखण्यांच्या विभागात त्या काम करत. गर्भारपणात बायकांचं रक्त इतकं कमी का होतं, आणि त्यातल्या कितीतरी बाळंतपणात हाती का लागत नाहीत, या प्रश्नावर त्या प्रबंध लिहीत होत्या. त्यासाठी कॉलेजनं त्यांना एक वर्ष दिलं होतं. वर्षाअखेरी प्रबंध विद्यापीठाकडे जायचा, आणि तो पसंत पडला की त्यांना कॉलेजात शिकवण्याची जागा मिळायची. त्या विभागात तोवर एकही बाई शिकवायला नव्हती. हे सगळं मला कुणी गुपित म्हणून सांगितलेलं नाही. बाई ते कुणालाही सांगत. आमच्या टांगेवाल्या रसूलचाचांनाही सांगितलेलं होतं, आणि चाचा रोज सकाळी विचारत, “क्या डाक्टरनी साब, नोकरी पक्की हुई?”

“चाचा, अजून घोडं अडलंय.”

“मेरा तो खडा है, चलो.”

माझं त्यांच्याकडे जाणं कसं झालं तेही सांगते. माझे वडील एका गिरणीच्या कचेरीत होते आणि आमचं घर तेलुगू विणकरांच्या वस्तीला लागून होतं. मिशनच्या शाळेत इंग्रजी, घरी मराठी, बोळात तेलुगू, आणि तिन्ही भाषांत गप्प, अशी मी होते. मॅट्रिक झाले होते आणि आता स्थळं बघणं चाललं होतं. बाईंना दुभाषी मुलगी हवी होती. वडिलांनी माझं नाव सुचवलं, आईनं एकाच अटीवर होकार दिला: त्या घरांत जायचं, पण पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला वाटलं होतं मला हे काम जमणार नाही. झालं उलटंच. दुसऱ्याचं बोलणं बोलायचं असलं की मला अजिबात भीती वाटत नसे.

बाई ठेंगण्या होत्या आणि भराभर चालत. पांढरं, बारीक काठाचं लुगडं, खांद्याशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ. कपाळावर बारीकसं कुंकू, गळ्यात मात्र मंगळसूत्र नाही. या दोन गोष्टींचा मेळ लावण्यात सबंध पेठ गुंतली होती. माझी आईसुद्धा रोज संध्याकाळी आडून आडून विचारी, “आज काही बोलल्या का गं, घरच्यांबद्दल?” कुणी तोंडावर विचारलंच तर बाई म्हणत, “तुम्ही मला एकच विचारता, मी तुम्हाला सतरा विचारते. तुमचं झालं की सांगेन.” सतराचे सत्तर झाले तरी त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघताना माझ्या मनात ते असायचं, हे कबूल करायला हरकत नाही.

त्यांना शीळ घालायची सवय होती. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. टीपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन तो रंगांच्या पट्टीशी ताडून बघताना हमखास ती सुरू होई. पहिल्यांदा एका घरात शीळ ऐकल्यावर तिथली म्हातारी उठून दारामागे कोण पुरुष आलाय ते बघून आली. मी बाईंना हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, “काय गो, मी शीळ घालत होते?” आणि लगेच पुढच्या थेंबाला परत घालायला लागल्या.

रक्त द्यायला बायका सुरुवातीला तयार नसत. रक्त मुंबईला नेऊन साहेबाला विकतात, अशी आवई कुणीतरी उठवलेली होती. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, थेंब टीपकागदावर टिपला आणि कागद बायकांच्या हातात दिला. “हे माझं. आता तुमचं शेजारी ठेवून बघू कुणाचं लाल आहे ते.” मग काय, बायकांना त्याचा खेळच झाला. एक म्हणे, “माज्यापरीस हिचं बरं हाय.” दुसरी म्हणे, “हिचं तर नुसतं पानी हाय की गं, चुना घातल्यावानी.” आणि सगळ्याजणी परत परत बाईंच्या थेंबाकडे बघत. “डॉक्टरम्मा काय खाती?” असं आपसांत विचारत. दर घरी नव्यानं स्वतःला टोचून घ्यायचा बाईंचा परिपाठ शेवटपर्यंत सुटला नाही. त्यांच्या डाव्या हाताची बोटं सदा बारीक टोचलेली असत. जेवताना पान धरायला गेलेल्या त्या बोटांना चटणी लागली की त्या हात झटकत.

हो, त्या जेवत. आणि त्यांच्याबद्दल सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

बाईंच्या आधीही कुणी डॉक्टर या वस्तीत चौकशीला येऊन गेले होते. ते खुर्चीवर बसून विचारायचे, बाई रोज काय खाते, आणि कारकून लिहून घ्यायचा. बाईंना त्या पद्धतीचा तिटकारा होता. “दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते दारातून नाही कळत,” असं त्या म्हणत. “ज्याच्या घरी जेवले नाही त्याची भूक मला काय समजणार?” म्हणून आम्ही घरोघरी ऐन जेवणाच्या वेळी जायचो. बाई दारात चपला काढत, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याला वळसा घालून चुलीपाशी जात आणि जमिनीवर मांडी घालून बसत. मुंबईच्या गोमंतकी बाईनं विणकराच्या घरी पंगतीला बसणं, याचा गावात केवढा बभ्रा झाला! शहाण्यासुरत्या घरांतून त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मासळी मिळत नाही, एवढंच त्यांचं सोलापूरविषयी गाऱ्हाणं.

आम्ही सगळ्यांत जास्त वेळा गेलो ते नरसव्वाच्या घरी. नरसव्वा म्हणजे कपाळभर कुंकू लावणारी, आवाजानं बोळ हलवणारी सासू. तिचा मुलगा मागावर बसे. तिची सून लक्ष्मव्वा पहिलटकरीण होती, माझ्याहून लहानच असेल. दिवसभर भिंतीशी बसून कांड्या भरायची, म्हणजे रहाटावर सूत गुंडाळायची. बोटं चालूच असायची तिची, तोंड मात्र उघडायचं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत असू. मला ती फार जवळची वाटायची, म्हणजे दोन गप्प माणसं एकमेकांना वाटतात तशी. तिच्या नखांचा रंग कागदासारखा होता.

नरसव्वा बाईंना पान वाढायची. भात, वरण, चिंचेचं सार, कधी अंबाडीची भाजी, वर शेंगांची चटणी. बाई मला सांगत, “विचार, लक्ष्मव्वा पण हेच जेवते ना?” मी विचारायची. नरसव्वा छातीवर हात ठेवून म्हणायची, “व्हय अम्मा, हेच की. देवाशप्पत.” बाई जेवता जेवता किती भात, किती वरण ते मला सांगत आणि मी लिहून घेई. लक्ष्मव्वा तोवर आम्हाला वारा घालत असे.

असं घरोघरी झालं. थंडीभर आम्ही हिंडलो. बाईंचा तक्ता तयार होत गेला, आणि त्यातून जे निघालं त्यानं त्यांची झोप उडाली. बायकांचं खाणं तर ठीकच दिसत होतं, तरी रक्त पातळ. “खाणं पुरेसं आहे, मग रक्त जातं कुठं?” असं त्या टांग्यात बसून स्वतःशीच म्हणत. ज्यांच्या हाताखाली प्रबंध चालला होता त्या मुंबईच्या प्रोफेसरांना त्यांनी तसं कळवलं. प्रोफेसरांचा आनंद गगनात मावेना. त्यांचंही मत तेच होतं, की हे दुखणं उपासमारीचं नव्हे, याचं मूळ दुसरीकडेच आहे. हा तक्ता घेऊन प्रबंध पाठवा, बाकीचं माझ्यावर सोडा, असं त्यांचं उत्तर आलं. रसूलचाचांना ती बातमी त्याच दिवशी कळली आणि त्यांनी घोड्याच्या कानाशी गोंड्याचा नवा तुरा बांधला.

दुभाषी म्हणून बाईंनी मला एक शिस्त घालून दिलेली होती. “माझ्याशी बोलतात ते सांगितलं नाहीस तरी चालेल. ते त्या पाहुणीशी बोलतात. एकमेकींशी काय बोलतात ते सांग.” त्यामुळे कुरकुर, टोमणे, चुलीशी पुटपुटणं, सगळं मी हलक्या आवाजात मराठीत आणत असे. कधीकधी ते बाईंविषयीच असे. “ही बुटकी आज परत आली,” असंही मी त्यांना सांगितलेलं आहे.

चैत्रात एकदा बाईंचं पोट बिघडलं होतं. कुणाच्या तरी घरचा ठेचा त्यांना भोवला होता. नरसव्वाच्या घरी गेलो तेव्हा पान वाढून तयार होतं. बाई म्हणाल्या, “आज मला माफ करा. आज मी थोडं ताक घेईन फक्त.” नरसव्वाचा चेहरा पडला. मला वाटलं तिला अपमान वाटला. ती बसायला आलेल्या शेजारणीकडे वळून तेलुगूत काही बोलली, आणि मी सवयीनं ते बाईंच्या कानाशी सांगितलं:

“आता हे पान कुणाला देऊ? हिला घातलं तर पोर मोठं होईल.”

बाईंनी ताकाचा गडू खाली ठेवला.

“विचार तिला. पोर मोठं होईल म्हणजे? कां बरं?”

मी विचारलं. नरसव्वा एरवी आवाज चढवूनच बोलायची, पण आता ती चुलीपाशी बसली आणि बाईंना कळावं म्हणून मराठीतच बोलली. “माजी लेक हुती अम्मा. थोरली. लाडानं खाऊ घातलं तिला नऊ म्हयने. तूप घातलं, समदं घातलं. पोर एवडं मोटं झालं.” तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं. “अडलं. दोगं बी गेली. म्हणून ह्या पोरीला मी जपती. चवथ्यापास्नं अर्धी भाकर आन कांजी. पोर बारीक ऱ्हाईल, सुटंल नीट.”

“आणि मी येते तेव्हा?”

“तुमी येता तवा तर लई बरं हुतं की.” नरसव्वाचा चेहरा उजळला. “तिच्या वाटचं तुमच्या पानात जातं. पाव्हणीच्या मुखी गेलं म्हंजे पुण्य बी लागतं, आन वाढलं न्हाई म्हणून पोरीला वाईट बी वाटत न्हाई.”

लक्ष्मव्वा कांडी भरत होती. रहाटाचा आवाज तेवढा येत होता. बाईंनी शीळ घालायला ओठ जुळवले, पण आवाज निघालाच नाही. मग त्यांनी नरसव्वाचा हात हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो.

मला त्या वेळी बाई रडतील असं वाटलं होतं, किंवा रागावतील. तसं काही झालं नाही. टांगा सिद्धेश्वराच्या तळ्याशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, “किती हुशार बाई आहे गो! लेक गेली त्यातून तिनं एक नियम काढला, आणि तो नियम पाळायला मला वापरलं.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मग जरा वेळानं म्हणाल्या, “उद्यापासून सगळी घरं परत.”

सगळी घरं परत झाली. आता बाई दारातच सांगत, मी जेवून आलेय. मग त्या बसून राहत. पुरुष जेवून उठले, सासू जेवली, भांडी घासून पालथी पडली तरी बसून राहत. कुठे सून नीट जेवायची, कुठे जेवायची नाही. प्रत्येक घरी नरसव्वासारखंच होतं असं नाही. पण पुष्कळ ठिकाणी होतं. मागच्या खेपेला पाहुणीच्या पानात पडलेलं आणि आता सुनेच्या पुढ्यात आलेलं, यांत फार अंतर होतं. त्या दिवसांत बाई शीळ घालायला विसरल्या.

पण लक्ष्मव्वाचं काय करायचं? तिचे दिवस भरत आले होते. बाईंनी नरसव्वाला समजावून पाहिलं की पोर अडणं आणि पोराचं आकारमान यांचा असा साधा संबंध नसतो, आईच्या अंगात रक्त नसलं तर नुसत्या बाळंतपणानंच ती जाते. नरसव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमी शिकल्याली मानसं. तुमची लेक गेली न्हाई.” मी ते वाक्य मनातसुद्धा दुसऱ्या कुठल्या भाषेत आणू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या त्या वेगळ्याच थाटात. पाटावर बसल्या, पान वाढू दिलं, आणि हात मागे घेतले.

“आज नेम आहे माझा.”

“कसला नेम, अम्मा?”

“आमच्याकडच्या देवीचा. एकटीनं जेवायचं नाही. पोटुशी बाई शेजारी पंगतीला बसली आणि माझ्याइतकंच जेवली तरच मी घास घ्यायचा. न जेवता उठले तर घराला दोष.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. नरसव्वा मोठ्या पेचात पडली. डॉक्टरीणबाईंचा सल्ला मोडता येत होता, पण पाहुणीचा नेम मोडणं शक्य नव्हतं. शेवटी तिनं लक्ष्मव्वाला हाताला धरून आणून बसवलं. पोरीचं डोकं पदरात पार गुडघ्यांपर्यंत वाकलेलं. बाईंनी एक घास घेतला की तिनं एक घ्यायचा. नरसव्वा समोर बसून पोराच्या आकाराची काळजी करत, हात जोडून पुटपुटत होती. ते पुटपुटणं मला भाषांतर करून सांगायचं नव्हतं. बाईंनी खूण केली, राहू दे.

हा नेम त्या रोज पाळायला लागल्या. पेठेत बातमी पसरली आणि आणखी काही घरांतही देवीचा नेम शिरला. बाहेर पडल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, “बाई, ही देवी कुठली?”

“मला काय माहीत?” बाई म्हणाल्या. “पण चांगली दिसतेय, नाही?”

ज्येष्ठात लक्ष्मव्वा बाळंत झाली. पेठेतल्या सुइणीबरोबर बाई तिथे होत्या, मी बाहेर ओट्यावर. कळा लागल्यापासून नरसव्वा ओट्यावर माझ्या शेजारी बसून होती आणि तिनं माझं मनगट इतकं आवळून धरलं होतं की बांगडी रुतली. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा ती उठली नाही. आधी आईचा आवाज ऐकू येतो का ते ऐकत राहिली. मग लक्ष्मव्वा आतून पाणी मागते आहे असं कळलं आणि नरसव्वा मला सोडून धावली. मुलगी झाली होती. थोड्या वेळानं नरसव्वा तिला घेऊन बाहेर आली, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी निरखून म्हणाली, “मोटी बी न्हाई, बारीक बी न्हाई. डॉक्टरम्मा, फिटला तुमचा नेम. आता एकटं जेवा.”

सगळ्याजणी हसल्या. बाईही हसल्या, पण टांग्यात मला म्हणाल्या, “एका बाळंतपणानं काही सिद्ध होत नाही हं, कुमुद. ती एरवीही सुटली असती कदाचित. मला माहीत नाही.” आणि मग पुष्कळ दिवसांनी त्यांची शीळ ऐकू आली.

आषाढात मुंबईहून प्रोफेसर आले. सोलापुरात गर्भारपणातल्या आहारावर बाईंचं जाहीर व्याख्यान ठेवलेलं होतं, अध्यक्ष तेच. म्हातारे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला ‘बेटा’ म्हटलं. आदल्या दिवशी डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत व्याख्यानासाठी मोठ्या कागदावर तक्ता शाईनं काढत होते, दार उघडं होतं.

“मग तळाशी एक टीप घाला,” प्रोफेसर म्हणाले. “काही घरी पाहणीत थोडी गफलत संभवते, म्हणून. सगळेच घालतात.”

“थोडी नाही, सर. जेवणाचा सबंध रकानाच गेला.”

“अहिल्याबाई, मी विद्यापीठात शब्द टाकलाय. वर्ष संपतंय. पुन्हा वर्ष मिळणार नाही, आणि ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवणं माझ्या हातात नाही. किती जणांना ती तुम्हाला मिळायला नकोय, माहीत आहे ना? तुम्ही आत आलात तर मागून पाच मुली येतील. त्यांचा विचार करा.”

मी बोरू कागदावर टेकवलेला तसाच धरून ठेवला होता आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. प्रोफेसरांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही, आणि म्हणूनच भीती वाटली. बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, “विचार करते, सर.” मग आत येऊन त्यांनी तो ठिपका पाहिला. “असू दे,” म्हणाल्या. “तसाच लाव उद्या.”

त्यापुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी प्रबंध विद्यापीठाकडे गेला नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बाई व्याख्यानानंतरच्या दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीनं गेल्या, आणि पुढे गुजरातेकडच्या कुठल्याशा बायकांच्या इस्पितळात नोकरीला लागल्याचं कळलं. तिथे त्या पुन्हा पाहणी करताहेत आणि तिथल्या नर्सांना शिकवताना ताटापाशी कसं बसायचं ते आधी शिकवतात, असं त्यांचं एक कार्ड मला आलं. मंगळसूत्राविषयी त्यात काही नव्हतं. माझं लग्न लांबलं आणि मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले. वर्गात मी अजूनही हळू बोलते, पण बोलते.

बाईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या व्याख्यानाच्या दिवशी. मुलींच्या शाळेचं सभागृह भरलं होतं. एका बाजूला खुर्च्यांवर गावातल्या प्रतिष्ठित बायका, आणि त्यांच्यापासून हातभर अंतर राखून सतरंजीवर विणकरांच्या बायका. नरसव्वा सगळ्यांत पुढे, मांडीवर नात, शेजारी लक्ष्मव्वा. व्यासपीठावर प्रोफेसर, नगरपालिकेचे दोन सभासद, आणि भिंतीवर ठिपक्यासह माझा तक्ता. बाई इंग्रजीत वाचणार, मग मराठीत सांगणार आणि मी ते तेलुगूत सांगायचं असं ठरलं होतं. म्हणून मीही व्यासपीठावर होते. तोवर कधीही इतक्या लोकांसमोर मी उभी राहिले नव्हते.

प्रोफेसरांनी ओळख करून दिली. ते कौतुकानं बोलले, आणि बाई उठताना त्यांच्याकडे एकदा बघून त्यांनी मान खाली घातली. बाईंच्या हातात इंग्रजी कागद होते. त्यांनी त्यांची गुंडाळी करून टेबलावर ठेवली आणि तक्त्याकडे न बघता सतरंजीकडे बघितलं. मला दिसलं की त्यांची नजर नरसव्वाला टाळून पुढे गेली. तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये याची त्यांना काळजी होती. डाव्या हाताची टोचलेली बोटं त्यांनी टेबलाच्या कडेवर टेकली. मग माझ्याकडे वळून, जणू मलाच सांगायचं आहे अशा रीतीनं, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या मराठीत म्हणाल्या:

“या तक्त्यात लिहिलेलं जेवण खरं आहे. घास न् घास खरा आहे. पण ते तुमच्या घरच्या पोटुशी पोरी जेवलेल्या नाहीत. ते मी जेवलेय.”